रिकाम्या खुर्चीचा नकाशा

तुळसाबाईच्या घरातले सगळे देव छप्पन सालच्या दिवाळीआधीच अडाण नदीत गेले. एक तेवढा मागे राहिला, आणि पुढचा सगळा घोर त्या एकानं लावला.

बोरी अरबातली तिची वस्ती तेव्हा नागपूरला दीक्षेला जाऊन आली होती. तुळसाबाईचा एकुलता मुलगा उकंडा दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात कामाला होता. तोही गेला होता आणि आला तो पार बदलून आला. घरात पाय टाकल्या टाकल्या त्यानं टोपलं मागितलं. मरीमाय, खंडोबाचा टाक, शेंदरानं माखलेले गोटे, सगळं तुळसाबाईनं आपल्या हातानं टोपल्यात भरलं. तिची ना नव्हती. ज्या देवांनी जन्मभर देवळाच्या पायरीशी उभं केलं नाही, त्यांना घरात घालून पोसायचं कायले, हे तिला लेकानं सांगायच्या आधीपासून कळत होतं.

मग उकंडानं आढ्याकडं हात नेला. तिथं लाल फडक्यात गुंडाळलेली वेळूची जाडजूड नळी टांगलेली होती.

“थे राहू दे,” तुळसाबाई म्हणाली.

“काहून?”

“थो देव नाई, बाबू. थो आजा हाये.”

तिला तिच्या सासूनं असंच सांगितलं होतं. या घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या गावाची शीव राखणारी. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की यांनी पुढं चालायचं, आणि हे चालतील ती शीव. त्यातलाच कोणी एक खापरपणजा एका गोऱ्या साहेबाच्या तंबूबरोबर सामान वाहत रानोरान फिरला. साहेब पटकीनं मेला. पणजा ती नळी पाठीला बांधून घरी आला आणि आठवड्यात तोही गेला. तेव्हापासून नळीत आजा आहे, असं घर मानत आलं. वारा सुटला की नळी घुमायची. सासू म्हणायची, “आजा बोलून राह्यला.” दर अवसेला तिच्याखाली भाकरीचा तुकडा ठेवला जाई.

उकंडा हसला नाही. आईला समजावल्यासारखं म्हणाला, “माय, आजा असंन त त्याले कोंडून कायले ठेवायचं? मोकळा करू त्याले.”

त्यानं फडकं सोडलं, नळीचं मेण लावलेलं तोंड फोडलं. आतून निघाला एक भला मोठा कागद. पिवळा पडलेला, मागं कापड चिकटवलेला, कडा उंदरानं कुरतडाव्यात तशा झालेल्या. उकंडानं तो जमिनीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चार भांडी ठेवली. निळ्या रंगाचं पाणीच पाणी, त्यात शिडाची जहाजं, माशाच्या शेपटीची जनावरं आणि कडेकडेनं मुंगीएवढ्या अक्षरांची रांग.

“नकाशा हाये,” उकंडा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. “पाह्य माय. न आजा, न पणजा. जमिनीचा न समुद्राचा नकाशा.”

तुळसाबाई पाण्याकडं पाहत नव्हती. खालच्या कोपऱ्यात एक चित्र होतं, तिकडं तिची नजर गेली. एक बाई मेजाशी बसलेली, डोक्याला पांढरं फडकं. दोन्ही अंगाला दोन पोरगे, एकाच्या हातात कर्कटक, एकाच्या हातात काहीतरी टोकदार. आणि मेजाच्या पलीकडं एक खुर्ची. खुर्ची रिकामी. तिघंही त्या खुर्चीकडं पाहत होते.

तुळसाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं पदर ओढून घेतला आणि ती चुलीकडं गेली.

तिला तसं का झालं, हे वस्तीत कोणालाही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिचा नवरा लढाईच्या साली कामगार पलटणीत भरती झाला होता. बेचाळीस साल असेल. मुंबईहून जहाजात बसवून ब्रह्मदेशाकडं नेलं, एवढंच कळलं. दोन पत्रं आली, ती गावच्या मास्तरानं वाचून दाखवली. मग पत्रं थांबली. लढाई संपली, आजूबाजूच्या गावांतली माणसं परत आली, कोणी लंगडत आलं, कोणी पेटी घेऊन आलं. हिचा माणूस आला नाही. मेल्याचाही सांगावा आला नाही. विचारायला गेलं की सरकारी माणूस म्हणे, पत्ता नाही.

म्हणून तुळसाबाईनं ना कुंकू पुसलं, ना पाट लावला. पाटासाठी बरी बरी माणसं विचारून गेली. ती म्हणायची, “माहा माणूस गेला हाये. मेला कोन म्हन्ते?”

उकंडानं नकाशा भिंतीवर लावला. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या शेजारी, धान्याच्या कणगीच्या वर. वस्तीतली माणसं बघायला आली. ज्याला घर भीत होतं तो साधा कागद निघाला, याचं सगळ्यांना नवल वाटलं, आणि उकंडाला त्याचा अभिमान होता. त्याची बायको सत्यशीला रोज नकाशावरची धूळ फडक्यानं झटकायची. तिचं आधीचं नाव काशी. नवं नाव तिला इतकं आवडलं होतं की कोणी जुन्या नावानं हाक मारली तर ती ओ देत नसे.

नळी रिकामी झाली तशी घुमायची थांबली. आणि घर मुकं झाल्यावर महिन्याभरात तो आला.

पहिल्यांदा दिवेलागणीला. तुळसाबाई कंदिलाची काच पुसत होती. तिनं मान वर केली तर उंबरठ्याच्या बाहेरच्या अंगाला कोणीतरी बसलेलं. पाठ घराकडं. डोक्यावरून काहीतरी ओलं पांघरलेलं, आणि त्यातून पाणी निथळत होतं. बाहेर थंडीचे दिवस, आभाळ कोरडं ठण्ण. वास आला तो पावसाळ्यात वाण्याच्या दुकानात मिठाचं पोतं पाझरायला लागतं, तसा.

“कोन व्हय?” तिनं विचारलं.

सत्यशीला पाण्याची घागर घेऊन बाहेरून आली आणि त्याच्यातूनच चालत आल्यासारखी सरळ आत आली. तुळसाबाईनं पुन्हा पाहिलं तर उंबरठा रिकामा. हात लावून पाहिला. कोरडा.

मग तो येतच राहिला. रोज नाही. कधी सलग चार दिवस, कधी पंधरवडाभर नाही. नेहमी तीच वेळ, तशीच पाठ. तुळसाबाई भ्याली का? भ्याली. पण भीतीहून मोठी होती ती हुरहुर. तिनं दबक्या आवाजात हाक मारून पाहिली, “उकंडाच्या बापा...” तो हलला नाही. खांद्याची ठेवण तीच वाटायची, आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, नाही, याचे खांदे रुंद आहेत. चौदा वर्षांत नवऱ्याचे खांदे कसे होते हेच तिच्या डोळ्यांतून पुसट झालं होतं. याचंच तिला रडू यायचं.

उकंडाला तिनं एकदाच सांगितलं. तो तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, “माय, भूत नसते. तुह्या मनात बाबा हाये, थो तुले दिसते.”

“मनात असता त मले तोंड नसतं दाखवलं काय?” ती म्हणाली. पुढं दोघांनी हा विषय काढला नाही. पण तिन्हीसांजेला तुळसाबाई दाराकडं तोंड करून बसते, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिला भान नसतं, हे सत्यशीला पाहत होती. बाई वाळत चालली होती. कापूस वेचणीला जाणं तिनं सोडलं. पाटल्यांसारख्या गच्च बसणाऱ्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर सरकायच्या.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात महारोगाची तपासणी करणारी जीप गावात आली. बरोबर एक परदेशी डॉक्टरीण होती. उंच, उन्हानं लाल झालेली, नाव योहाना. ती वस्तीतल्या माणसांच्या अंगावरचे चट्टे टाचणीनं टोचून पाही, आणि “दुखते का?” एवढं मराठीत विचारी. दुपारी ती पाणी प्यायला तुळसाबाईच्या घरात आली. सत्यशीलानं पेला पुढं केला. बाईनं तो घेतलाच नाही. ती भिंतीकडं बघत उभी राहिली होती.

“हे कुठून?” तिनं विचारलं.

“आमचंच हाये,” तुळसाबाई म्हणाली. “लय जुनं.”

“ही माझी भाषा आहे,” योहानाबाई म्हणाली. ती हॉलंडची होती. कणगीवर हात टेकून ती अगदी जवळून वाचू लागली. ओठ हलत होते. बाहेर जीपवाल्यानं भोंगा वाजवला तरी ती हलली नाही.

“काय लिवलं हाये, बाई?”

योहानाबाईला शब्द जुळवायला वेळ लागला. हिंदी-मराठी मिसळून तिनं जे सांगितलं ते असं. हा नकाशा तीनशे वर्षांपूर्वीचा. आमच्या देशात फान रोम्बेक नावाचं एक घराणं होतं, नकाशे काढणारं. बाप काढी, आई रंग भरी, दोन मुलं तांब्याच्या पत्र्यावर कोरत. त्यांची नावं यान आणि क्लास. या समुद्राचा नकाशा करताना ब्रह्मदेशाकडचा एक किनारा बापाला नीट माहीत नव्हता. अंदाजानं काढणं त्याला पटेना. तो स्वतः जहाजावर चढला, किनारा पाहून येतो म्हणून. तो आला नाही.

तिनं बोट ठेवलं. निळ्या पाण्याच्या उजव्या अंगाला किनाऱ्याची रेघ येत येत तुटली होती. मग चार बोटं नुसता कोरा कागद. मग रेघ पुन्हा सुरू.

“मुलांनी ती जागा तशीच ठेवली,” ती म्हणाली. “आणि खाली आईनं लिहिलंय: माझा नवरा हा किनारा पाहायला गेला आहे. अजून आला नाही. ज्या कोणाला हा किनारा माहीत असेल, त्यानं आम्हाला सांगावं. सही, आल्ये, पीतरची बायको.” मग ती म्हणाली, “विधवा लिहू शकली असती. बायको लिहिलं.”

तुळसाबाईनं ऐकलं ते एकच. “पितर म्हन्ता, बाई?”

“पीतर. त्याचं नाव.”

“आमच्यात पितर म्हन्जे मेलेले बापजादे,” सत्यशीला हळूच म्हणाली.

तुळसाबाई उंबरठ्याकडं पाहू लागली. इतकी वर्षं उंबरठ्यावर ओलाचिंब बसणारा, तोंड न दाखवणारा, तो आपला माणूस की त्या बाईचा? दोघंही एकाच पाण्यात गेलेले. घर चुकून आला असेल बिचारा, आपला कागद जिथं दिसला तिथं टेकला असेल. आणि आपण त्याला उकंडाचा बाप म्हणून हाका मारत होतो.

त्या सांजेला तो आला तेव्हा तिनं उंबरठ्यापाशी जाऊन हाक मारली, “पितर!” ओलं पांघरूण किंचित हललं. की वारा होता? तिला ठरवता येईना.

योहानाबाई पुढच्या वर्षी पुन्हा आली ती मुद्दाम. या वेळी ती जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं मायदेशी विचारपूस केली होती. त्या घराण्याचे फार थोडे नकाशे शिल्लक होते, आणि याच्या प्रती तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. “आई जिवंत असेपर्यंत त्यांनी जे जे नकाशे छापले, त्या प्रत्येकात ती जागा कोरी आहे. आणि कोपऱ्यात ती खुर्ची आहे,” ती म्हणाली.

“अन् माय मेल्यावर?”

“मग मुलांनी पत्रा घासला. खुर्ची काढून टाकली. तिथं एक फुलदाणी कोरली. कोऱ्या जागेत कोणाकडून तरी ऐकून रेघ ओढली.”

तुळसाबाईनं उकंडाकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. त्या पोरांचा राग तिला आला नाही. पोरांनी किती दिवस बापाची जागा झाडून-पुसून ठेवायची? पण तिच्या मनानं एक गोष्ट धरली. आपण गेलो की इथंही जागा भरून निघणार. तोवर दारातला कोण, हे आपल्यालाच शोधून काढावं लागणार.

“बाई, हा कागद तुमी घेऊन जा,” ती म्हणाली.

उकंडानं चमकून वर पाहिलं. योहानाबाईनं हात जोडले. “मी तो मागायला नाही आले, आजी.”

“मले ठावं हाये. पन त्याच्या घरची मानसं वाट पाहून राह्यली असंन.”

“त्या घराण्यातलं आता कोणीच नाही.”

“घर नसंन, गाव त असंन. त्या बाईनं इचारलं हाये नं, ज्याले ठावं असंन त्यानं सांगावं? मंग सांगा. आमच्याकडं आलता म्हना. बोरी अरबात. दारात बसे, कोनाले तरास दिल्ला नाई म्हना.”

योहानाबाई हे ऐकून हसेल असं उकंडाला वाटलं. ती हसली नाही. तिनं डोळे टिपले. देशी परतायचं तेव्हा घेऊन जाईन, तिथं जुने नकाशे जपतात त्या जागी ठेवीन, असं तिनं कबूल केलं. त्रेसष्टच्या हिवाळ्यात ती आली, नकाशा पुन्हा त्याच वेळूच्या नळीत घातला, लाल फडकं गुंडाळलं. तुळसाबाई जीपपर्यंत गेली. नळीला हात लावून एवढंच म्हणाली, “जाय बापा. आता चुकू नोको.”

भिंतीवर चौकोनी डाग उरला. सत्यशीलानं तिसऱ्या दिवशी सारवून तो बुजवला.

तुळसाबाईनं मनाशी हिशेब पक्का केला होता. कागदाबरोबर तो गेला, तर तो त्यांचा. राहिला, तर माझा. ती रोज दिवेलागणीला दाराकडं तोंड करून बसू लागली. पौष गेला. कोणी आलं नाही. तिला हलकं वाटू लागलं. म्हणजे तो परका होता. म्हणजे आपला माणूस भूत झालेला नाही. म्हणजे तो कुठंतरी आहे, ब्रह्मदेशात बायको करून असेल, नातवंडं असतील, असू देत. ती सत्यशीलाशी हसून बोलली. बऱ्याच दिवसांनी अंबाडीची भाजी स्वतः केली.

माघातल्या एका सांजेला मिठाचा वास आला.

ती चुलीशी होती. मागं वळायचं तिला धाडस होईना. हातातली लाकडं तिनं एकेक करून खाली ठेवली. मग वळली. तो बसला होता. तीच पाठ, तेच ओलं पांघरूण, त्यातून थेंब थेंब पाणी. पण आता ते खांदे तिला ओळखू आले. डावा उजव्याहून थोडा खाली. पाटलाच्या विहिरीवर मोट हाकताना पडला होता तेव्हापासूनचा. इतक्या वर्षांत ही खूण तिला का आठवली नव्हती कोण जाणे.

तिनं लग्न झाल्यापासून त्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजून तोंडातल्या तोंडात. बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये, आयुष्य कमी होतं, असं तिला शिकवलं होतं. तो गेल्यावर तर तिनं ते नाव आणखीच जपलं होतं. आता ती उंबरठ्याशी गेली, त्याच्या मागं बसली, आणि म्हणाली,

“डोमाजी.”

ओलं पांघरूण थरथरलं. तो उठून उभा राहिला. तुळसाबाईला वाटलं, आता वळेल. तो वळला नाही. अंगणातून, कडुनिंबाच्या बाजूनं, नदीकडच्या वाटेनं तो सावकाश चालत गेला, दिवसभर कामावर राबलेला माणूस आंघोळीला जातो तसा. उजेड होता तोवर दिसत होता.

उकंडा जिनातून आला तेव्हा ती तिथंच बसलेली होती. कंदील लावलेला नव्हता.

“तुहा बाप मेला, बाबू,” ती म्हणाली. मग ती जी रडली, ती वस्ती गोळा होईपर्यंत रडली. बावीस वर्षांचं रडणं ते. बायांनी तिला धरलं. कोणी विचारलं नाही की सांगावा कुठून आला.

दुसऱ्या दिवशी ती लेकाला म्हणाली, “त्याचं काहीतरी करा लागते.”

उकंडा अडखळला. “श्राद्ध नाई करत आपन, माय. पिंड नाई. तूबी बावीस प्रतिज्ञा घेतांनी हात जोडून म्हटलं हाये.”

“मी पिंड कुठं मागतो? मानसं बोलाव. आपल्या रीतीनं कर. त्याचं नाव मोठ्यानं घेतलं पायजे, बस.”

उकंडानं त्याच दिवशी दारव्ह्याहून बौद्धाचार्य बोलावले. अंगणात पांढरी चादर अंथरली, मेणबत्त्या लावल्या. डोमाजीची तसबीर नव्हतीच, म्हणून एका पाटीवर उकंडानं खडूनं बापाचं नाव लिहिलं. आचार्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, मग विचारलं, “मृत्यूचा दिवस कोणता सांगू?”

उकंडा आईकडं पाहू लागला.

“काल,” तुळसाबाई म्हणाली. “काल सांजेले.”

आचार्य वयस्क होते. त्यांनी अशा लढाईवर गेलेल्यांच्या बायका पाहिल्या असाव्यात. त्यांनी तसंच म्हटलं. जमलेल्या सगळ्यांनी डोमाजीचं नाव घेतलं, लहानांनी, म्हाताऱ्यांनी, त्याला कधीही न पाहिलेल्यांनी. तुळसाबाईनं सर्वांत मोठ्यानं घेतलं.

त्यानंतर तो आला नाही.

घरच्यांना वाटलं, बाई सुटली. तशी ती सुटलीही. अंगावर मांस आलं, पुढच्या हंगामात वेचणीला गेली, सत्यशीलाला पहिली मुलगी झाली तिला न्हाऊमाखू घालू लागली. पण सांजेला हातातलं काम थांबवून ती अजूनही दाराकडं पाही. एकदा सत्यशीलानं धीर करून विचारलं, “आत्याबाई, आता भेव नाई नं वाटत?”

“भेव नाई वाटत,” तुळसाबाई म्हणाली. ती नातीच्या टाळूवर तेल थापत राहिली. मग म्हणाली, “पन बसला राहे तवा बरं होतं, बाई. घरात मानूस हाये असं वाटे.”